मागच्या चाकांकडे कोण बघतो?

पेठ (ता. आंबेगाव), प्रतिनिधी : पुण्याहून नाशिकच्या दिशेने निघालेली मोटार राजगुरुनगर मागे टाकून खेड घाट चढली, की सातगाव पठार लागते. या पठारावरचे मोठे गाव म्हणजे पेठ. पुढे अवसरी घाट उतरला की मंचर. पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५० आणि आता क्रमांक ६० म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या रस्त्यावर प्रस्तुत प्रतिनिधीच्या घरची २००४ सालची इंडिका दर पंधरवड्याला ये-जा करते. गेल्या पावसाळ्यात खेड घाटातील एका ओल्या वळणावर या गाडीचा मागचा भाग हलकेच बाहेरच्या बाजूला सरकला. वेग फार नव्हता, समोरून वाहन येत नव्हते, म्हणून निभावले.

पेठला पोहोचल्यावर जॅक लावून मागचे डावे चाक उतरवले. टायरची बाहेरची बाजू जवळपास नव्यासारखी होती. आतल्या कडेची नक्षी मात्र पार गुळगुळीत झालेली, आणि एके ठिकाणी रबरातून तारा डोकावत होत्या. उभ्या गाडीकडे बाहेरून पाहणाऱ्याला यातले काहीही दिसले नसते. विशेष म्हणजे दोनच महिन्यांपूर्वी या गाडीचे ‘व्हील अलाइनमेंट’ झाले होते. पावती पुन्हा काढून पाहिली तेव्हा लक्षात आले, की तिच्यावर आकडे फक्त पुढच्या दोन चाकांचे होते.

हा अनुभव एकट्या आमचा नाही. जुन्या गाडीचा टायर एका बाजूने खाल्ला जाऊ लागला, की मालक अलाइनमेंट करून घेतो. अलाइनमेंट म्हणजे पुढची चाके, अशी आपली समजूत असते आणि अनेक कारागिरांचीही असते. तिचे कारणही सरळ आहे. पुढच्या चाकांत बिघाड झाला की स्टेअरिंग बोलते. ते ओढते, थरथरते, वाकडे राहते. मागची चाके चालकाच्या हाताशी कशानेच जोडलेली नसतात. ती वाकडी झाली तरी हाताला काही जाणवत नाही, आणि जाणवलेच तर त्याचा दोष पुढच्या चाकांवर जातो. प्रत्यक्षात सरळ रस्त्यावर गाडी कोणत्या दिशेने जाणार हे मागची चाके ठरवतात. पुढची चाके त्या दिशेशी जुळवून घेतात, एवढेच.

तीन कोन, तीन परिणाम

विषय समजून घ्यायचा तर तीन संज्ञा पुरेशा आहेत. वरून पाहिले असता चाकाचे पुढचे टोक गाडीच्या आत वळलेले असेल तर त्याला ‘टो-इन’ म्हणतात, बाहेर वळलेले असेल तर ‘टो-आउट’. समोरून किंवा मागून पाहिले असता चाकाचा माथा आत कललेला असेल तर तो ऋण ‘कॅम्बर’, बाहेर कललेला असेल तर धन. तिसरा कोन एका चाकाचा नसून मागच्या दोन्ही चाकांचा मिळून असतो. ही दोन चाके मिळून गाडीला ज्या दिशेने ढकलतात ती दिशा आणि गाडीची मधली रेषा यांच्यातील कोनाला ‘थ्रस्ट अँगल’ असे नाव आहे. गाडी कारखान्यातून बाहेर पडते तेव्हा तो शून्याच्या अगदी जवळ असतो.

यापैकी टायरचे सर्वाधिक नुकसान टो करतो. तेरा इंची रिमच्या पुढच्या व मागच्या कडेत ३ मिलिमीटरचा फरक असेल, तर चाक साधारण अर्धा अंश वाकडे असते. अर्धा अंश डोळ्यांना दिसत नाही. पण मागची दोन्ही चाके प्रत्येकी एवढी आत वळलेली असतील, तर दर किलोमीटरला प्रत्येक टायर ८ ते ९ मीटर आडवा घासला जातो. पुण्याहून पेठला येईपर्यंत चारशे मीटरहून अधिक अंतर हा टायर फिरण्याऐवजी कानस फिरवल्यासारखा रस्त्यावर घासत येतो, असा त्याचा अर्थ. कॅम्बरने होणारी झीज यापेक्षा सावकाश असते. मात्र ऋण कॅम्बर आणि बिघडलेला टो एकत्र आले, की आतली कडा काही महिन्यांत संपते. आमच्या टायरचे तसेच झाले होते.

थ्रस्ट अँगलचा परिणाम वेगळा. समजा, मागचा अॅक्सल अर्धा अंश उजवीकडे तोंड करून बसला आहे. मग गाडीची जाण्याची दिशाही अर्धा अंश उजवीकडे झुकते आणि सरळ रस्त्यावर राहण्यासाठी चालकाला पुढची चाके तेवढीच उजवीकडे धरावी लागतात. बहुतेक मोटारींत पुढचे चाक एक अंश वळवण्यासाठी स्टेअरिंग पंधरा ते वीस अंश फिरवावे लागते, म्हणजे येथे स्टेअरिंग सात ते दहा अंश उजवीकडे वाकडे राहते. गाडी सरळ जाते, पण खेकड्यासारखी थोडी तिरकी. इंडिकाच्या पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर २.४ मीटर आहे. तेवढ्या लांबीवर अर्ध्या अंशाने मागचे टोक सुमारे दोन सेंटिमीटर बाजूला पडते.

वाकडे स्टेअरिंग घेऊन मालक कारागिराकडे जातो, आणि येथेच नेहमीची चूक घडते. पुढच्या चाकांची मापे गाडीच्या मधल्या रेषेशी जुळवली जातात, कागदावर सर्व ठीक दिसते, तरीही स्टेअरिंग वाकडेच राहते. मग स्टेअरिंगचे चाक दांड्यावरून उपसून सरळ करून पुन्हा बसवले जाते. ग्राहक समाधानाने पैसे देऊन जातो. मागचा अॅक्सल मात्र होता तसाच तिरका राहिलेला असतो, आणि तो तिरका आहे हे सांगणारी एकमेव खूणही आता पुसली गेलेली असते.

टायर काय सांगतो

निदानाची सुरुवात यंत्रावर करू नये, टायरवर करावी. मागचे दोन्ही टायर उतरवून उजेडात आडवे ठेवावेत आणि नक्षीवरून तळहात आडवा फिरवावा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका दिशेने हात गुळगुळीत जातो आणि उलट दिशेने करवतीसारखी धार लागते, असे असेल तर टो बिघडला आहे. धार न लागता एकच कडा सारखी झिजली असेल तर कॅम्बरकडे संशय जातो. दोन्ही कडा झिजून मध्य शाबूत असेल तर हवा कमी ठेवली जाते, आणि मध्य झिजून कडा शाबूत असतील तर जास्त. ठिकठिकाणी वाटीसारखे खड्डे पडले असतील तर शॉकअॅब्सॉर्बर थकले आहेत किंवा चाकाचे बॅलन्सिंग गेले आहे.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या मोटारींत आणखी एक खूण दिसते. त्यांचा मागचा भाग हलका असतो. त्यामुळे वाकडे असलेले मागचे चाक रस्त्यावर सारखे घासत राहण्याऐवजी अडत, सुटत, पुन्हा अडत चालते. अशा टायरवर तिरके, पट्ट्यापट्ट्यांचे झिजलेले डाग पडतात आणि वेगात घूं-घूं असा आवाज येतो. हा आवाज बेअरिंगचा समजून नवे बेअरिंग घातले जाते, आवाज तसाच राहतो. आमच्याकडे हेही घडून गेलेले होते.

दुसरी परीक्षा रस्त्यावरची. पावसाळ्यात ती फुकट होते. मोकळ्या, सपाट रस्त्यावर उथळ पाण्यातून गाडी सरळ पुढे काढावी, स्टेअरिंग अजिबात न हलवता वीसएक मीटर जावे आणि उतरून ओले ठसे पाहावेत. मागच्या चाकांचे ठसे पुढच्यांच्या ठशांवर दोन्ही बाजूंना सारखेच पडले असतील तर अॅक्सल सरळ आहे. एका बाजूला ते आत आणि दुसऱ्या बाजूला बाहेर दिसत असतील तर गाडी तिरकी चालते आहे. उन्हाळ्यात हेच काम एखाद्याला गाडीच्या मागे शंभर पावलांवर उभे करून भागते. सरळ दूर जाणाऱ्या गाडीची एक बाजू त्याला अधिक दिसली, तर त्याचा अर्थ तोच.

मात्र गाडी ओढते म्हणजे अलाइनमेंटच बिघडले, असे मानू नये. आपल्याकडे पाणी वाहून जावे म्हणून रस्ता कडेला उतरता असतो आणि वाहने डावीकडून चालतात, त्यामुळे गाडी किंचित डावीकडे जाणे स्वाभाविक आहे. पुढचे दोन टायर आपापसात बदलल्यावर ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरच्या बांधणीत असतो. दहा-पंधरा किलोमीटर चालवून एका चाकाची रिम दुसऱ्यापेक्षा फार गरम लागली तर ब्रेक अडकतो आहे. ओढ केवळ ब्रेक दाबताना जाणवत असेल, तर दोन शक्यता असतात. एक ब्रेकचीच. दुसरी मागच्या भुजांच्या रबरी बुशांची, आणि ती अधिक धोक्याची.

बुश नावाची छोटी वस्तू

मागची चाके ज्या भुजांवर किंवा अॅक्सलवर असतात, त्या गाडीच्या सांगाड्याला लोखंडाने लोखंडाशी जोडलेल्या नसतात. मध्ये रबर भरलेली नळी असते, तिला बुश म्हणतात. दहा-पंधरा वर्षांत हे रबर कडक होते, त्याला चिरा पडतात, पुढे ते नळीपासून सुटते. उभ्या गाडीत कोन बरोबर दाखवणारे चाक मग ब्रेक लागताच मागे खेचले जाते आणि बाहेर वळते. वळणावर मागचे चाक बाहेर वळले की गाडीचा मागचा भाग वळणाबाहेर जाऊ पाहतो. ओला रस्ता, उतार, घाईने सोडलेला अॅक्सिलरेटर आणि आतून गुळगुळीत झालेला टायर या सर्व गोष्टी एका ठिकाणी जमल्या, तर पुढे काय होऊ शकते हे घाटात नियमित वाहन चालवणाऱ्यांना सांगण्याची गरज नाही.

बुशांची तपासणी साधी आहे. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांवर लागतो. तो पूर्ण ओढून एकाने गाडी पुढे-मागे ढकलावी आणि दुसऱ्याने चाकाच्या कमानीतून पाहावे. चाक कमानीच्या संदर्भात पुढे-मागे सरकताना स्पष्ट दिसत असेल तर बुश गेले. त्यानंतर गाडी जॅकने उचलून, स्टँडवर टेकवून, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी लावून टॉमीने भुजा हलवून पाहावी. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणत्याही कारणाने जाऊ नये. याच वेळी चाक वर-खाली धरून हलवले की बेअरिंगमधील ढिलाईही कळते.

कोणत्या गाडीत काय बिघडते हे तिच्या मागच्या रचनेवर अवलंबून असते, आणि जुन्या भारतीय गाड्यांत या रचना बऱ्याच वेगवेगळ्या आहेत. अॅम्बेसेडर, प्रीमिअर पद्मिनी, बोलेरो आणि मालवाहू पिकअप यांत सरळ दांड्याचा अॅक्सल पाट्यांवर बसवलेला असतो. तेथे पाट्यांच्या मधोमध असणारा सेंटर बोल्ट तुटला किंवा यू-बोल्ट ढिले पडले, की अॅक्सल एका बाजूने मागे सरकतो. पाट्याच्या पुढच्या पिनपासून अॅक्सलपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना टेपने मोजले की दोष सापडतो. मारुती ८००, झेन आणि अल्टो यांत अॅक्सल सरळच असतो, पण स्प्रिंगांवर. त्याला जागेवर धरणाऱ्या दोन लांब भुजा आणि एक आडवा दांडा असतो; यातील कोणताही बुश गेला की अॅक्सल तिरका होतो. या गाड्यांत मागचे कोन बदलण्यासाठी फिरवायचा नट नसतो. अलाइनमेंटवाला मागे काही करता येत नाही असे सांगतो ते त्या अर्थाने खरे आहे. पण फिरवता येत नाही याचा अर्थ बिघडत नाही असा होत नाही.

सँट्रो किंवा २००५ साली आलेली स्विफ्ट यांसारख्या गाड्यांत दोन्ही मागच्या भुजा एका पिळदार तुळईने जोडलेल्या असतात. मोठ्या खड्ड्यात चाक आदळून ही तुळई किंवा चाकाचा स्टब वाकतो. एस्टीमची मागची चाके एकमेकांपासून स्वतंत्र.

इंडिकाची रचना यांहून निराळी आहे. पिंपरीत तयार झालेली आणि १९९८च्या डिसेंबरात बाजारात आलेली ही गाडी मागे ‘सेमी-ट्रेलिंग’ भुजांवर उभी असते. प्रत्येक चाकाची भुजा स्वतंत्र असून ती तिरक्या अक्षावर झुलते. या रचनेचा गुण असा, की एका चाकाचा हिसका दुसऱ्याला लागत नाही. तिचा स्वभाव असा, की मागचा भाग जितका खाली बसेल तितका चाकाचा माथा आत कलतो, आणि टोही बदलतो. गाडी रिकामी असताना ठीक असलेले कोन भरलेल्या गाडीत ठीक राहत नाहीत.

सातगाव पठार खरिपाच्या बटाट्यासाठी प्रसिद्ध आहे. काढणीच्या दिवसांत पेठहून पुण्याला निघणाऱ्या आमच्या गाडीच्या डिकीत बटाट्याच्या पन्नास किलोच्या तीन-चार गोण्या, कधी मागच्या सीटवरही एक, असा क्रम वर्षानुवर्षे चालत आला होता. परतीच्या वाटेवर हलकी होणारी गाडी अलाइनमेंटच्या यंत्रावर नेहमी रिकामीच उभी राहिली. एवढी वर्षे भार सोसून मागच्या स्प्रिंगा दबल्या होत्या, आणि डावी अधिक दबली होती. हे समजायला यंत्र लागले नाही. चाकाच्या मध्यापासून कमानीच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना पट्टीने मोजले. डाव्या बाजूला ते जवळपास दोन सेंटिमीटरने कमी भरले. सेंटिमीटरभराहून अधिक फरक आढळला तर कोन मोजण्याच्या भानगडीत न पडता आधी स्प्रिंगांचा विचार करावा.

दोरी आणि ओळंबा

कोन मोजण्याची गवंडी-पद्धत आजही विश्वासार्ह आहे. सपाट जागा हवी. पेठच्या घरासमोरचे काँक्रीटचे अंगण आम्हाला पुरले. शहरात इमारतीखालील पार्किंग चालेल, मात्र ते पाण्याच्या उताराचे नसावे. हवा योग्य भरावी, स्टेअरिंग सरळ करावे आणि गाडी तीन-चार मीटर हाताने पुढे ढकलून मग थांबवावी. जॅकवरून नुकत्याच उतरवलेल्या गाडीची चाके आपल्या मूळ जागी बसलेली नसतात, त्यामुळे तशा स्थितीत घेतलेले माप फसवे निघते.

गाडीच्या पुढे आणि मागे चाकांच्या मध्याइतक्या उंचीवर गाडीपेक्षा रुंद असे दोन पाइप आडवे ठेवावेत. दोन्ही पाइपांवर सारख्याच अंतरावर खुणा करून दोन्ही बाजूंनी मासेमारीचा दोर ताणून बांधावा, म्हणजे दोन दोर एकमेकांना समांतर होतात. मग पाइप थोडे थोडे सरकवत पुढच्या दोन्ही चाकांच्या मध्यापासून दोरापर्यंतचे अंतर एकमेकांशी जुळवावे आणि तसेच मागच्या दोन चाकांचेही. पुढची आणि मागची अंतरे आपसात सारखी येतीलच असे नाही, कारण अनेक गाड्यांत पुढच्या चाकांमधील रुंदी मागच्यांहून वेगळी असते. हे जुळले की दोर गाडीच्या मधल्या रेषेला समांतर झाले.

आता मागच्या रिमच्या पुढच्या कडेपासून दोरापर्यंत आणि मागच्या कडेपासून दोरापर्यंत स्टीलच्या पट्टीने मोजावे. पुढचे अंतर जास्त असेल तर टो-इन, कमी असेल तर टो-आउट. रिम स्वतःच किंचित वाकडी असू शकते. म्हणून गाडी चाकाच्या अर्ध्या फेऱ्याइतकी पुढे ढकलून पुन्हा मोजावे आणि दोन्हींची सरासरी घ्यावी. डाव्या आणि उजव्या चाकाच्या टोमधील फरकाचा निम्मा म्हणजे थ्रस्ट अँगल. कॅम्बरसाठी कमानीवरून ओळंबा सोडून रिमच्या वरच्या व खालच्या कडेपर्यंतचे अंतर मोजायचे. तेरा इंची रिमवर ६ मिलिमीटरचा फरक म्हणजे साधारण एक अंश.

शेवटी डाव्या बाजूच्या आणि उजव्या बाजूच्या दोन्ही चाकांच्या मध्यांमधील अंतर मोजावे. पाच-सात मिलिमीटरहून अधिक फरक आला तर अॅक्सल किंवा एखादी भुजा सरकली आहे. जाता जाता एक गंमत सांगायला हरकत नाही. १९६१ साली आलेल्या रेनो ४ या फ्रेंच मोटारीत ही दोन अंतरे मुळातच वेगळी होती, कारण मागच्या दोन पिळदार दांड्या एकीमागे एक बसवलेल्या होत्या. आपल्याकडच्या गाड्यांत मात्र असा फरक हा दोषच समजावा.

हे मोजमाप यंत्राइतके सूक्ष्म नसते, मिलिमीटरभर इकडेतिकडे होते. त्याचा उपयोग कोन बसवण्यासाठी नाही. यंत्रावर जाण्यापूर्वी दोष कोठे आहे हे आपल्याला ठाऊक असावे, यासाठी तो आहे.

दुरुस्ती : क्रम महत्त्वाचा

आमच्या इंडिकाच्या डाव्या चाकात ऋण कॅम्बर उजव्याहून स्पष्ट जास्त होता आणि ब्रेक लागताच चाक बाहेर वळत होते. म्हणजे दबलेली स्प्रिंग आणि गेलेले बुश असे दोन दोष एकत्र होते. स्प्रिंगा नेहमी जोडीने बदलाव्यात. एकच नवी घातली तर गाडी दुसऱ्या बाजूला कलते. बुशही दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावेत.

बुश बदलताना एक चूक फार वेळा होते. गाडी लिफ्टवर असते, चाके खाली लोंबकळत असतात आणि त्याच स्थितीत भुजांचे बोल्ट पूर्ण आवळले जातात. रबर त्या लोंबकळत्या स्थितीत नळीशी घट्ट धरले जाते. गाडी खाली उतरली की ते कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते, गाडी थोडी उंच उभी राहते, कोन चुकतात आणि नवे बुश वर्ष-दोन वर्षांत फाटते. बोल्ट प्रथम हाताने बसवावेत, गाडी चाकांवर उतरवावी, दोन-चार वेळा दाबून सोडावी आणि मगच अखेरचा पाना लावावा. पहिल्या गॅरेजात आमच्याकडे नेमके उलटे झाले होते. बोल्ट सैल करून पुन्हा आवळण्याचे काम दुसऱ्याकडे करून घ्यावे लागले. पिंपरी, भोसरी, चाकण हा देशातील मोटारउद्योगाचा पट्टा याच रस्त्यावर आहे. मोटारी जेथे बनतात तेथून तासाभराच्या अंतरावर हे सांगावे लागते, याचे थोडे नवल वाटते.

सरळ अॅक्सल वा तुळईच्या गाड्यांत बुश चांगले असूनही कोन चुकत असतील तर स्टब आणि अॅक्सल यांच्यामध्ये पाचरीसारखी पातळ चकती घालून ते सुधारता येतात. ज्यांत सोय आहे तेथे विलक्षण आकाराचा, एका बाजूला जाड असलेला बोल्ट फिरवून टो बसवतात. मात्र वाकलेला भाग गॅसने तापवून सरळ करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो नाकारावा. तापवल्याने पोलादाचे गुण बदलतात आणि तोच भाग पुढे अचानक तुटू शकतो. विशेषतः पिळदार तुळईला ज्योत लावू नये. वाकलेला स्टब बदलावा. जुन्या बाजारातून अॅक्सल घ्यायचा असेल तर दोर लावून तो आधी तपासून घ्यावा, कारण तो बहुधा अपघातात सापडलेल्या गाडीचाच असतो.

हे सर्व झाल्यावर यंत्र. चारही चाकांवर शिकंजे बसवणारे यंत्र आहे का, हे विचारूनच गाडी आत घ्यावी. गाडी नेहमी जेवढ्या वजनाने चालते त्याच्या जवळपास वजन तीत असावे, निदान टाकी अर्धी भरलेली असावी. आधी मागचे कोन पाहावेत आणि शक्य ते सुधारावेत. मग स्टेअरिंग सरळ करून पट्ट्याने बांधावे आणि पुढच्या दोन्ही चाकांचा टो थ्रस्ट रेषेशी जुळवावा. या क्रमाने गेल्यास स्टेअरिंगचे चाक उपसण्याची वेळ येत नाही.

काम संपल्यावर छापील कागद मागावा, आणि त्यावर दुरुस्तीपूर्वीचे व नंतरचे असे दोन्ही आकडे असावेत. वाचताना चार गोष्टी पाहायच्या : मागच्या डाव्या व उजव्या चाकाचा टो वेगवेगळा दिलेला आहे का, दोन्हींचा कॅम्बर एकमेकांच्या जवळ आहे का, थ्रस्ट अँगल शून्याच्या किती जवळ आहे, आणि तुलनेसाठी घेतलेली मापे आपल्याच मॉडेलची आहेत का. शेवटची गोष्ट किरकोळ वाटते, परंतु जुन्या गाडीचे मॉडेल यंत्राच्या यादीत नसले तर मिळतेजुळते दुसरे निवडून काम उरकले जाते. मागच्या चाकांचे रकाने रिकामे असतील तर अर्धेच काम झाले आहे.

टायर बदलताना आणखी एक सवय मोडायला हवी. नवे दोन टायर पुढे आणि जुने मागे, ही आपली सर्वसाधारण रीत आहे. टायर बनवणाऱ्या कंपन्यांचा सल्ला नेमका उलटा असतो. पुढची पकड सुटली तर गाडी सरळ पुढे जाते, चालकाला ते लगेच कळते आणि वेग कमी करून सावरता येते. मागची पकड सुटली तर गाडी फिरते. चांगले टायर मागे हवेत. नक्षीच्या खाचांत दिसणाऱ्या झिजेच्या खुणा १.६ मिलिमीटरच्या असतात. त्या पाहताना टायरची आतली कडाही पाहावी, आणि त्यासाठी गाडीखाली वाकावे लागते किंवा चाक उतरवावे लागते.

पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या खासगी मोटारीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते, आणि १ एप्रिल २०२२ पासून त्याचे शुल्कही बरेच वाढले. एवढा खर्च करून जी गाडी रस्त्यावर ठेवायची, तिच्या मागच्या दोन बुशांवर आणि दोन स्प्रिंगांवर खर्च करणे अवघड वाटू नये.

आमची इंडिका आता सरळ चालते. ओल्या रस्त्यावरचे तिचे ठसे एकमेकांवर पडतात, घूं-घूं आवाज थांबला आहे, आणि मागचे नवे टायर दर महिन्याला उतरवून आतून तपासले जातात. काढणीच्या वेळी गोण्यांचा प्रश्न पुन्हा निघालाच. दोनपेक्षा जास्त गोण्या गाडीत ठेवायच्या नाहीत आणि त्याही मागच्या सीटच्या पाठीला अगदी टेकवून, असे वडिलांशी ठरले आहे. उरलेला बटाटा पुण्याला टेंपोने जातो.